तांब्याभर तीर्थ

“साडेचार किलो,” काट्यावर वाकलेला टेक्निशियन म्हणाला आणि मग त्याने आईंकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. “तीन दिवसांत साडेचार. मावशी, घरी टँकर लावला का?”

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, हसल्या नाहीत. काट्यावरून उतरताना त्यांनी आधारासाठी माझ्या खांद्यावर डावा हात ठेवला. त्याच हातातून डायलिसिसच्या सुया जात. तिथे कातडीखाली शीर दोरासारखी फुगली होती आणि आत सतत काहीतरी घरघरत असायचं, काड्यापेटीत कोंडलेल्या भुंग्यासारखं. तो हात लागला की माझ्या अंगावर काटा यायचा. त्या दिवशीही आला. मी खांदा किंचित काढून घेतला.

“पाणी कोण देते यांना?”

“मी. दिवसाला सातशे मिली. मोजून.”

“कशानं मोजता?”

मी पिशवीतून रेवाची दुधाची बाटली काढून दाखवली. रेवा माझी मुलगी, तेव्हा आठ महिन्यांची. बाटलीवर अस्वलाचं चित्र होतं आणि बाजूला मिलिलिटरच्या रेघा.

तो बाटलीकडे पाहत राहिला. “ताई, बाटली खोटं बोलत नाही, काटाही बोलत नाही. मग घरात कोण बोलून राह्यलं ते पाहा. लघवी बंद आहे त्यांची. असंच पाणी चढलं तर छातीत जाईल, बसल्या जागी गुदमरतील. डॉक्टरांनी मागच्या खेपेलाच सांगितलं न.”

आई खाटेवर चढून भिंतीकडे तोंड करून झोपल्या. चार तास मी बाहेरच्या बाकड्यावर रेवाला पाजत, थोपटत बसले आणि मनात एकच हिशेब फिरत होता. चहा शंभर, गोळ्यांना शंभर, भाजीतलं वरणातलं दोनशे, उरलेलं दर तासाला औषधाच्या टोपणाने. कुठे चुकतंय?

अकोल्याचा मे महिना होता. सकाळी नवालाच रस्त्यावर डांबर चपलेला चिकटायचं. माझे मिस्टर प्रफुल्ल बियाण्यांच्या कामासाठी महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. घरात आई, मी आणि रेवा. दोन वर्षांपूर्वी आईंच्या किडन्या गेल्या, त्यानंतर मी सून म्हणून आले. त्यामुळे आजारी नसलेल्या आई मी कधी पाहिल्याच नाहीत. लोक सांगत, तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं बाईंनी. सूक्ष्मदर्शकाखाली तळ्याचं पाणी धरायच्या आणि पोरांना म्हणायच्या, पाहा, हे पिता तुम्ही. पोरं आठवडाभर पाण्याला शिवत नसत.

मी शिस्त लावली होती. माठ उचलून माझ्या खोलीत नेला होता आणि खोलीला कडी. आई न्हाणीत गेल्या की मी दाराशी उभी राहायचे, आत घोट वाजतो का ऐकत. हे मी त्यांना जगवण्यासाठी करते आहे, यात मला शंका नव्हती. पण खरं लिहायचं तर मला त्यांची किळस यायची. त्यांच्या तोंडाला मुतारीसारखा वास यायचा. रक्तातलं सगळं तिथून बाहेर पडतं, असं डॉक्टर म्हणाले होते. रेवाने ओकलेलं दूध मी ओंजळीत झेलत असे आणि तोच हात फ्रॉकला पुसत असे. आईंची उशी मात्र दोन बोटांनी उचलायचे.

संध्याकाळचा एक तास त्या घरात नसत. तो तास मला फार आवडायचा.

तो अधिक महिना होता आणि शेजारच्या नलूताई भारसाकळ्यांकडे महिनाभरासाठी एक महाराज उतरले होते. पूर्वी कुठल्याशा कचेरीत कारकून होते म्हणे. पैसे घेत नसत, भविष्य सांगत नसत. रोज संध्याकाळी त्यांची पाद्यपूजा व्हायची आणि कॉलनीतल्या बायका जमायच्या. आई पहिल्या दिवशी गेल्या त्या रोज जाऊ लागल्या. ज्यांना घरातून संडासापर्यंत चालताना धाप लागायची, त्या साडेसहा वाजले की पदर सावरून फाटकाशी उभ्या. नलूताई मला म्हणाल्या होत्या, “शर्वरी, तुझ्या सासूचा भाव पाह्यला का? अवो, आमी नुसत्या बसतो. त्याइले खरंच लागलं वो काहीतरी.”

मला बरंच वाटलं होतं. दुखण्याला काहीतरी आधार लागतो माणसाला.

डायलिसिसहून घरी आल्यावर मी प्रफुल्लला फोन लावला आणि त्याने स्पीकरवरूनच आईंना फैलावर घेतलं.

“आई, काऊन असं करून राह्यली तू? शर्वरीनं लेकरू पाहावं का तुझी पहारेदारी करावी?”

“मी काही पेली नाही.”

“नलूताईकडे पाणी पितेस का तू?”

“शपथ. घोटभर नाही. सरबत आलं तरी परत पाठवते. इचार नलूले. फक्त तीर्थ घेते.”

“तीर्थाचं सोड. पळीभर ते काय,” प्रफुल्ल म्हणाला.

मीही तेच म्हटलं. सातशेच्या हिशेबात तीर्थ धरायचं असतं हे मला सुचलंच नाही. आमच्याकडे लहानपणापासून तीर्थ म्हणजे तळहाताच्या खोलग्यातलं. त्याला कोणी पाणी म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी रेवाला कडेवर घेऊन त्यांच्या मागोमाग गेले. प्रसादाला काय देतात ते पाहावं, एवढंच मनात होतं.

नलूताईंच्या हॉलमध्ये पंधरावीस बायका दाटीने बसल्या होत्या. घामाचा, उदबत्तीचा, नासत आलेल्या केळ्यांचा वास. महाराज खुर्चीत. साधा पांढरा सदरा, थकलेला चेहरा, मोठे कान. समोर पितळी परात आणि परातीत त्यांचे पाय. मी नको तिथे पाहिलं. टाचांना नांगरटीसारख्या भेगा होत्या आणि त्यांत काळं भरलेलं. उजव्या अंगठ्याचं नख पिवळं, जाड, शिंगासारखं वळलेलं. नलूताईंनी त्यावर दूध ओतलं, मग माठातलं पाणी. बोटांच्या बेचक्यांतून हळुवार चोळलं. परातीत पाणी गढूळलं. त्यात तुळशीची पानं टाकली आणि ते सगळं तांब्यात ओतून घेतलं.

 मी रेवाच्या टाळूला नाक लावलं.

पळी फिरू लागली. बायका तळहात पुढे करत, ओठांना लावून उरलेलं केसांना पुसत. बऱ्याचजणी नुसतंच लावत, हे माझ्या लक्षात आलं. सगळ्यांचं झालं तेव्हा नलूताई तांब्यात पुन्हा माठातलं पाणी घालून काठोकाठ भरून उठल्या आणि आईंसमोर गेल्या. हॉल एकदम गप्प झाला. सगळ्यांनी हात जोडले, जणू याचसाठी सगळ्या थांबल्या होत्या.

आईंनी तांब्या दोन्ही हातांनी धरला. डोळे घट्ट मिटून घेतले, इतके की कपाळाला आठ्या पडल्या. आणि तोंडाला लावला.

गट. गट. गट.

“ध्यान लागते त्याइचं,” माझ्या शेजारची बाई कुजबुजली. “रोज असंच. डोयातून पाणी येते, पाह्य.”

खरंच येत होतं. गळ्याची हाडं वरखाली होत होती. मी रेवाला त्या बाईच्या मांडीवर टाकलं, बायका ओलांडत गेले आणि आईंच्या हातातला तांब्या ओढला.

“काय करताय तुम्ही हे? मरायचंय का?”

त्यांनी सोडला नाही. विश्वास बसणार नाही अशी ताकद होती त्या हातात. मी झटका दिला आणि तांब्या फरशीवर पडून गडगडत महाराजांच्या खुर्चीशी गेला.

“तीर्थ सांडलं! अवो माय, तीर्थ सांडलं!”

“सांडू द्या,” महाराज म्हणाले. “पाणीच आहे.”

कोणी ऐकलं नाही. बायका गुडघ्यांवर आल्या, पदराने टिपून डोळ्यांना लावू लागल्या. आईही खाली बसल्या. त्यांनीही पदर फरशीवरून फिरवला. पण डोळ्यांना लावला नाही. ओलं टोक तोंडात घातलं आणि चोखलं. मग पुन्हा टिपलं. पुन्हा चोखलं. फरशीवरचा केस त्यांच्या ओठाला चिकटला होता.

मी रेवाला कडेवर घेतलं, त्यांना दंडाला धरून उठवलं आणि घरी आणलं. मागून नलूताईंचं चालूच होतं, “शिकलेली पोरगी, वळण नाही. आन म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचं तीर्थ...”

घरी आल्यावर मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की रेवा रडत होती, दूध येऊन माझा ब्लाउज भिजला होता आणि मी ओरडत होते, “तुम्ही विज्ञानाच्या बाई ना? सूक्ष्मदर्शक लावायचा होता त्या परातीला! एका माणसाच्या टाचांची घाण पिता रोज, तांब्या तांब्या? लाज कशी नाही वाटत?”

आई खाटेच्या काठावर बसून ऐकत होत्या. जीभ ओठांवरून फिरवत होत्या.

“उद्यापासून फाटकाबाहेर जायचं नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या.

शनिवारी गेल्या नाहीत. साडेसहाला फाटकाशी उभ्या राहिल्या आणि आत आल्या. दर तासाला मी टोपण पुढे करत होते, त्या तोंड उघडत होत्या, पाखराच्या पिल्लासारखं. मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

रविवारी दुपारी उष्मा इतका होता की भिंतीला हात लावला तर चटका बसावा. रेवा निजली. मीही तिच्याशेजारी लवंडले. कूलरचा आवाज चालू होता. आमचा कूलर मागच्या ओट्यावर खिडकीला लावलेला, लोखंडी, जुना. त्याची घरघर बंद झाली म्हणून मला जाग आली. वीज गेली असेल म्हणून पाहिलं तर पंखा फिरत होता.

मी मागे गेले.

आई उन्हात कूलरला टेकून खाली बसल्या होत्या. त्याची एक बाजू, गवताच्या जाळीची, त्यांनी काढून भिंतीला उभी केली होती. त्या हातांनी ती जड जाळी कशी काढली कोण जाणे. आतल्या टाकीत बोटभर शेवाळ होतं. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या आणि एक पाकोळी मेलेली. रेवाच्या स्टीलच्या वाटीवर पदराची घडी धरून त्या पाणी गाळत होत्या. अगदी सावकाश, प्रयोगशाळेत गाळतात तसं.

“आई!”

त्या दचकल्या नाहीत. वाटी तोंडाला लावली, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या आणि मग वर पाहिलं.

“चारपदरी गाळलं,” त्या म्हणाल्या. “अळ्या नाही गेल्या पोटात.”

मी भिंत धरून ओकले. तिथेच, तुळशीच्या कुंडीत. ओकून झाल्यावर मी तोंड पुसलं आणि मलाच नवल वाटावं अशा शांत आवाजात विचारलं, “आता हे कोणाचं तीर्थ?”

“कोणाचं नाही. तीर्थ बंद केलं न तू.”

“म्हणून हे?”

“मग कुठून पिऊ? माठ तुया खोलीत. न्हाणीत जाते तं तू दाराशी कान लावून उभी.” त्या थांबल्या. धाप लागली होती. “टोपणानं जीभ ओली होते, पोरी. तहान जात नाही. नरड्यात राख भरल्यावानी होते. तिथं तांब्या मिळे. माठातला, थंडगार. गट गट जाये खाली. आन कोणी म्हणे ना, बस करा. उलट बाया हात जोडत.”

मला कळायला वेळ लागला. “म्हणजे ते... महाराज वगैरे...”

“बिचारा माणूस आहे तो. त्याचं काय.”

“आणि ते पाय? तुम्हाला पाय दिसले नाहीत?”

आईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखाली पाण्याच्या सुजेच्या पिशव्या, त्यांतून दोन हुशार, मास्तरणीचे डोळे.

“दिसत न. उजव्या टाचेले सात भेगा, डाव्या टाचेले पाच. अंगठ्याच्या नखाले बुरशी आहे, तेचं नाव बी सांगते तुले. तीस वर्षं पोरायले सांगितलं, पाणी उकळून प्या. रोज उमासा ये मले. म्हणून तं डोळे मिटून घेत होती गच्च.” त्या किंचित हसल्या. ओठ फाटून रक्ताचा ठिपका आला. “बाया समजत, ध्यान लागलं.”

मी त्यांच्याशेजारी उन्हातच बसले. फरशी पोळत होती.

“मला सांगायचं होतं ना.”

“काय सांगू? तहान लागली म्हणून? तुले माहीत नव्हतं?”

ते मला माहीत होतं.

थोड्या वेळाने त्यांनी वाटी माझ्या हातात दिली. “रेवाची आहे. उकळून घे,” म्हणाल्या. मी त्यांना काखेत हात घालून उठवलं. तोंडाचा वास आला. शेवाळाचाही. दोन्ही आले.

सोमवारी काटा अर्थातच चढलेला होता. टेक्निशियन काही बोलायच्या आत मी विचारलं, “पाणी टोपणानेच द्यायचं का? एकदम तीनशे प्यायल्या आणि उरलेल्या वेळी कमी, तर चालेल?”

“सातशे म्हणजे सातशे, ताई. एकदम प्यायल्या का थेंबाथेंबानं, काट्याले काही फरक पडत नाही. तहान कशानं भागते ते त्यांनाच विचारा.”

मी कधी विचारलंच नव्हतं.

त्या संध्याकाळपासून माठ स्वयंपाकघरात आला. साडेसहा वाजले की रेवाच्या बाटलीने मोजलेले तीनशे मिली मी एका छोट्या तांब्यात ओतायचे. तो तांब्या तासभर आधीपासून माठात बुडवून गार केलेला असायचा. दिवसभर मग आई चहा अर्धा करायच्या, वरण नको म्हणायच्या, ओठांवरून ओलं फडकं फिरवायच्या आणि घड्याळाकडे पाहायच्या. पहिल्या दिवशी मी तांब्या पुढे केला तेव्हा त्यांनी आत डोकावून पाहिलं.

“कोणाचे पाय धुतले?”

“रेवाचे,” मी म्हटलं.

“मंग चालते.” आणि रेवाकडे वळून म्हणाल्या, “महाराज, टाचा चांगल्या आहेत बरं तुमच्या.”

रेवाचा पुढे तो खेळच झाला. आजीने तांब्या तोंडाला लावला की ती समोर बसून टाळ्या वाजवायची. पहिले जे दोन-तीन शब्द ती बोलायला शिकली त्यात एक होता, गट गट.

आई त्यानंतर चौदा महिने होत्या. वासाची मला कधी सवय झाली नाही, हे इथे लिहून ठेवते. उशी मी पूर्ण हाताने उचलू लागले, एवढंच.

श्रावणातल्या एका सकाळी त्या घरीच गेल्या. श्वास अडखळायला लागला तेव्हा प्रफुल्ल होता, त्याचे काका-काकू होते, आणि नलूताई धावत आल्या. येताना गंगेचा गडू घेऊन आल्या. काशीहून आणलेला, बारा वर्षं देवघरात डाख लावून बंद ठेवलेला. प्रफुल्लने अडकित्त्याने डाख फोडला. तुळशीचं पान ठेवलं आणि एकेकाने पळी घालायला सुरुवात केली. आधी मुलाने. मग काकांनी. मग काकूंनी. मग पुन्हा मुलाने. “पाणी पिऊ नको” म्हणून फोनवर ओरडणारा माझा नवरा रडत रडत पळीवर पळी ओतत होता. आई गिळत नव्हत्या. केव्हाच थांबल्या होत्या. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून हनुवटीवर, तिथून मानेवर, उशीत.

“घ्या, वहिनी,” नलूताई त्यांच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाल्या. “पोटभर घ्या. आता कोणी नाही म्हणत.”

माझ्या कडेवरून रेवा वाकून पाहत होती. तिने टाळी वाजवली.

“आजी, गट गट.”

काकूंनी तोंडाला पदर लावला. मी रेवाला खाली सोडलं आणि पुढे होऊन ओढणीने आईंची हनुवटी टिपली. मान टिपली. ओढणीचं टोक चिंब झालं. ते हातात धरून मी तशीच उभी राहिले. मग तोंडात घातलं आणि चोखलं.

बारा वर्षांचं कोंडलेलं पाणी. गंजाचा वास, शेवाळाचा वास, आणि आईंच्या तोंडाचा. घशाशी उमासा आला. मी डोळे गच्च मिटून घेतले, आणि ते गिळलं.

“पाह्य,” मागे नलूताई कुणाला तरी हळूच म्हणाल्या. “सासूवर केवढी माया वो पोरीची.”